श्रीरामपूरची बाप्टिस्ट मंडळी नेमकी कधी स्थापन झाली म्हणायची?

माळावरची_बाभळ
कोलकात्याच्या वर, हुगळीच्या पश्चिम काठावर श्रीरामपूर आहे. विल्यम कॅरी हा इंग्रज मिशनरी आणि त्याच्या सोबत्यांनी तिथे बाप्टिस्ट मंडळी, म्हणजे ख्रिस्ती सभासदांचा समुदाय, उभी केली. कागदोपत्री स्थापनेची तारीख २४ एप्रिल १८००. त्या दिवशी मंडळी रीतसर बांधली गेली, कॅरीला पाळक निवडलं, त्याचे सोबती मार्शमन आणि फाउंटन डीकन, म्हणजे पाळकाचे मदतनीस, झाले.

मला ही तारीख पटत नाही. त्या मंडळीत एकही बंगाली माणूस नव्हता, सगळे विलायतेहून आलेले. अशी मंडळी ते इंग्लंडातही करू शकले असते. माझ्या मते श्रीरामपूरची मंडळी स्थापन झाली २२ डिसेंबर १८०० ला, जेवणाच्या टेबलावर. कृष्ण पाल नावाचा सुतार आणि त्याचा स्नेही गोकुळ त्या दिवशी मिशनऱ्यांकडे आले आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्याबरोबर दुपारचं जेवले. त्यांच्यातल्याच वॉर्डच्या रोजनिशीत ही नोंद आहे. त्या घासांबरोबर दोघांची जात गेली. बाप्तिस्मा पुढे सहा दिवसांनी, २८ डिसेंबरला झाला.

तर प्रश्न असा: स्थापना कशाने होते? ठरावाने, पाण्याने की पंगतीने? ज्यांना या इतिहासाची माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा, आणि ज्यांना नाही त्यांनीही मत द्या.

ढोलताशा
श्रीरामपूर दिसलं म्हणून नगर जिल्ह्यातलं समजून धागा उघडला. उसाच्या भावावर बोलायची पूर्ण तयारी होती. आता आलोच आहे तर बसतो, वाचतोय.

खिडकीपाशी
तारखेच्या वादाआधी ही माणसं श्रीरामपुरात का आली ते सांगते, कारण पुढचं बरंच त्यावर अवलंबून आहे.

ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. लोक बिथरतील आणि व्यापार बसेल, ही भीती. १७९९ च्या ऑक्टोबरात मार्शमन, वॉर्ड, ब्रन्सडन आणि ग्रँट 'क्रायटेरियन' नावाच्या अमेरिकन जहाजाने आले, ते कलकत्त्यात न थांबता थेट श्रीरामपूरला गेले. तिथे डेन्मार्कचं राज्य होतं. गव्हर्नर ओले बी याने त्यांना आसरा दिला आणि इंग्रजांच्या हवाली करायला नकार दिला. कॅरी १७९३ पासूनच बंगालात होता. तो तेव्हा मालदा भागात मदनावतीला निळीच्या कारखान्यावर काम करून पोट भरत होता. तिकडचं सगळं सोडून तो १० जानेवारी १८०० ला श्रीरामपूरला आला. सगळ्यांनी मिळून नदीकाठी सहा हजार रुपयांना एक मोठं घर घेतलं. तेच राहायचं घर, तीच उपासनेची जागा, आणि तिथेच आवारात छापखाना.

म्हणजे एका राजाच्या झेंड्याखाली दुसऱ्या सत्तेपासून लपलेली ही मंडळी. 'इंग्रजांनी आणलेला धर्म' असं सरसकट म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

कडूनिंब
कंपनीचा विरोध होता हे मान्य. पण पुढे त्याच कॅरीने कंपनीच्या फोर्ट विल्यम कॉलेजात दरमहा पाचशे रुपयांची नोकरी केली ना? विरोध आणि पगार दोन्ही एकाच दारातून?

खिडकीपाशी
@कडूनिंब, हो, १८०१ पासून. कंपनीला तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवणारा माणूस हवा होता आणि तेवढा तयारीचा दुसरा कोणी नव्हता. पण त्याच काळात कंपनीचं वागणं बघा. १८०६ मध्ये वेल्लोरचं बंड झाल्यावर कलकत्त्यात प्रचार थांबवा म्हणून कॅरीला सांगण्यात आलं. १८०७ मध्ये एका पत्रकावरून गव्हर्नर जनरल मिंटो छापखानाच कलकत्त्यात आणायला निघाला होता. तेव्हाचा डॅनिश गव्हर्नर क्रेफ्टिंग याने ठाम नकार दिला म्हणून तो वाचला. आणि पगाराचं म्हणाल तर तो कॅरीच्या खिशात राहिलाच नाही. त्याबद्दल कोणीतरी लिहा, मला आता स्वयंपाकाला लागायचंय.

जुनी_पेटी
मी लिहिते. या मंडळीचा मला सर्वांत आवडणारा भाग हाच.

कॅरी आल्यावर आठवडाभरातच त्यांनी घरचे नियम ठरवले. सगळ्यांची मिळकत एकाच पेटीत. कोणी खासगी धंदा करायचा नाही. एकच टेबल, एकच चूल. घरकारभार दर महिन्याला पाळीपाळीने एकेकाकडे. कॅरीकडे खजिना आणि औषधांची पेटी, फाउंटनकडे ग्रंथालय. आणि शनिवारची संध्याकाळ राखून ठेवलेली: आठवड्यात एकमेकांबद्दल मनात जे काही साचलं असेल ते त्या बैठकीत बोलून मोकळं व्हायचं.

त्यामुळे कॅरीचा कॉलेजचा पगार पेटीत, वॉर्डच्या छापखान्याचं उत्पन्न पेटीत, आणि मार्शमन दांपत्याच्या शाळांची फीसुद्धा पेटीत. १ मे १८०० ला, म्हणजे मंडळी स्थापन झाल्यावर आठवड्याने, त्यांनी युरोपीय मुलांसाठी निवासी शाळा सुरू केली. विलायतेच्या मिशनरी सोसायटीकडून येणारे पैसे तुटपुंजे आणि उशिरा पोचणारे. या शाळेनेच सुरुवातीची वर्षं तगवली. हॅना मार्शमनने ती कशी चालवली असेल याचा विचार करते तेव्हा मला २४ एप्रिल आणि २२ डिसेंबर दोन्ही तारखांपेक्षा १ मे मोठा वाटतो.

चहाचा_कप
घरकारभार दर महिन्याला पाळीपाळीने? हा नियम छापून आमच्या फ्रिजवर लावते आजच. शनिवारच्या बैठकीचं मात्र घरात सांगणार नाही, रविवार उजाडायचा नाही.

तांबडं_फुटलं
बाभळताई, पंगतीचं म्हणणं समजलं, पण ही बाप्टिस्ट मंडळी आहे! प्रौढपणी, स्वतः कबुली देऊन, पाण्यात पूर्ण बुडवून घेतलेला बाप्तिस्मा हाच या मंडळ्यांचा पाया. तो बाजूला ठेवून तारीख कशी ठरवणार?

२८ डिसेंबर १८०० चा तो रविवार डोळ्यांसमोर आणा. मिशनच्या दारासमोरचा घाट. गव्हर्नर ओले बी हजर, युरोपीय, पोर्तुगीज, हिंदू, मुसलमान अशी सगळी गर्दी. कॅरी पाण्याकडे चालत गेला, एका बाजूला थोरला मुलगा फेलिक्स, दुसऱ्या बाजूला कृष्ण पाल. आधी मुलाला बाप्तिस्मा, मग कृष्णाला, आणि कृष्णासाठी शब्द बंगालीत. ही नदी आम्ही पवित्र मानत नाही, पाणी हे पाणीच आहे, हेही त्याने लोकांना सांगितलं. बी साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कॅरीला बंगालात येऊन सात वर्षं झाली होती आणि हा पहिला बंगाली माणूस.

या दृश्याला दुसरी बाजूही आहे. ज्याच्यामुळे कृष्ण मिशनकडे आला तो डॉक्टर जॉन थॉमस. कृष्ण नदीवर अंघोळीला जाताना घसरून पडला, खांदा निखळला, आणि थॉमसने तो बसवून दिला. वेदनेत असलेल्या त्या माणसाशी थॉमस बोलत राहिला. नंतर हा सुतार श्रद्धेकडे वळतोय हे पाहून थॉमसला इतका आनंद झाला की त्याचं मनच ढळलं. बाप्तिस्म्याच्या दिवशी घाटावर गाणं चालू असताना त्याला कोंडून ठेवावं लागलं होतं.

हिरवी_पाटी
आणि दुसऱ्या खोलीत डोरोथी, कॅरीची बायको. तिचं नाव का कोणी घेत नाही?

लग्नाच्या वहीत सही करता न येणारी ही खेड्यातली बाई. भारतात यायला तिने आधी साफ नकार दिला होता, अगदी शेवटी, तान्ह्या बाळाला घेऊन निघाली. १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर तापाने गेला आणि त्यानंतर तिचं मन कधीच ताळ्यावर आलं नाही. १८०७ मध्ये वारली. स्वतःचा थोरला मुलगा ज्या दिवशी मंडळीत आला त्या दिवशी ती कोंडलेली होती. मंडळीच्या स्थापनेचा हिशेब मांडताना हा खर्चही त्याच पानावर लिहायला हवा. मी कॅरीला खलनायक म्हणत नाहीये, तो तिच्याशी कठोर वागला असंही नाही. पण धाग्यात आतापर्यंत एवढ्या पुरुषांची नावं आली, म्हणून लिहिलं.

जुनी_पेटी
हिरवी_पाटी, +१. यात भर म्हणजे मृत्यू किती भराभर झाले. ग्रँट श्रीरामपूरला पोचल्यावर तीन आठवड्यांच्या आत गेला. डीकन झालेला फाउंटन ऑगस्ट १८०० मध्ये. ब्रन्सडन आणि थॉमस दोघेही १८०१ मध्ये. उतरल्यापासून सव्वादोन वर्षं पुरी व्हायच्या आत चार पुरुष गेले आणि विधवा बायका-मुलांना त्याच सामायिक पेटीतून सांभाळलं गेलं.

वऱ्हाडी_ठेचा
थोडं अवांतर करू का? आमच्या नागपूरचा संबंध आहे म्हणून राहवत नाही.

या छापखान्यातून बायबलचा बंगाली नवा करार १८०१ मध्ये निघाला हे बहुतेकांना माहीत असतं. पण मराठीचं आधुनिक व्याकरणही तिथूनच आलं, १८०५ मध्ये. त्याच वर्षी मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश, तोही मोडी ठशांत. १८११ मध्ये मराठी नवा करार. पुढे 'सिंहासन बत्तिशी' आणि 'हितोपदेश'. कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवायचा, आणि या सगळ्या कामात त्याचे पंडित होते नागपूरकडचे वैजनाथशास्त्री. म्हणून त्या जुन्या मराठीला आमच्याकडचा वास येतो. पुणेकरांनी नंतर नाकं मुरडली त्यालाही. ठसे घडवणारे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर, दोघे बंगाली लोहार-कारागीर. मनोहर तर शेवटपर्यंत आपल्या धर्मात राहिले आणि आयुष्यभर बायबलचे ठसे पाडत राहिले.

म्हणजे मंडळीची सभासदसंख्या मोजायची तर पटावरचीच का मोजायची, असं मला वाटतं. वैजनाथशास्त्री आणि कर्मकार सासरे-जावई यांच्याशिवाय तिथे एक ओळ छापली गेली नसती.

ढोलताशा
हे भारी आहे. पुणेकरांचा उल्लेख झाला, आता धागा पन्नाशी गाठणार.

पेठेतला_वाडा
पुणेकर हजर आहे, आणि भांडायला नाही तर बाभळताईंच्या बाजूने.

पंगतीचं वजन काय असतं हे आम्हाला नीट माहीत आहे. १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनच्या कार्यक्रमात नुसता चहा दिला गेला तर केवढं ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं भांडण, झालं! रानडे आणि टिळक यांच्यासारख्या माणसांना प्रायश्चित्ताच्या प्रकरणातून जावं लागलं. एक कप चहा! त्याच्या नव्वद वर्षं आधी एक सुतार भर दुपारी मिशनऱ्यांच्या टेबलावर बसून जेवतो. बातमी फुटल्यावर मोठा जमाव जमला, कृष्ण आणि गोकुळला फरफटत डॅनिश न्यायाधीशासमोर नेलं. त्याने दोघांना सोडून दिलं म्हणून निभावलं. गोकुळ तर त्यानंतर बाप्तिस्म्याच्या दिवशी मागे राहिला, घरच्या बायकाही. २८ तारखेला एकटा कृष्ण उतरला पाण्यात. मग अवघड काय होतं, पाणी की घास? लोक चिडले ते घासावर.

कडूनिंब
इथे एक गोष्ट सुटते आहे. कृष्ण पाल मूळचा कर्ताभजा या बंगाली पंथातला. श्रीरामपूरच्या पलीकडच्या काठाला घोषपाडा हे त्यांचं मुख्य ठाणं. त्या पंथाच्या मेळ्यात जातपात न पाळता एकत्र जेवण व्हायचं. म्हणजे कृष्णाने परजातीबरोबरचा घास आयुष्यात पहिल्यांदा २२ डिसेंबरला घेतला असं धरून चाललात, ते बरोबर नाही. मिशनऱ्यांनी त्याला समतेचा धडा दिला असं म्हणण्यापेक्षा तो ती भूक घेऊनच त्यांच्या दारी आला, असं म्हणा. या कथेत नेहमी शिकवणारे गोरे आणि शिकणारे बंगाली असतात, माझा आक्षेप त्यावर आहे.

माळावरची_बाभळ
कडूनिंब, हा मुद्दा फार मोलाचा आहे, आणि त्याने माझं म्हणणं अधिकच पक्कं होतं. कर्ताभजांचं जेवण पंथापुरतं, आपसांत. घरी परतलं की जो तो आपल्या जातीत. आपल्याकडे मुंबईच्या परमहंस सभेचं तेच. १८४९ साली निघालेली ती सभा, सभासद होताना जातीबाहेरच्या हातचा पाव खावा लागे, पण दारं बंद करून. सभासदांची नावं फुटली तशी सभा विखुरली. कृष्णाने जे केलं त्यात लपवाछपवी नव्हती. संध्याकाळी त्याच गावात, त्याच आळीत परत जायचं होतं.

आणि तो शिकवणारा झालाच की. १८०१ मध्ये स्वतःच्या घरासमोर स्वतः उपासनेची छोटी जागा बांधली, पुढे कलकत्त्यात प्रचार केला, बंगाली गीतं लिहिली. १८२२ मध्ये वारला तोवर वीसेक वर्षं हेच काम.

सावेडीकर
सलाम मंडळी. मी अहमदनगरच्या मंडळीतला. आमचं पहिलं चर्च १८३३ चं, ते बाप्टिस्ट नव्हे, अमेरिकन मराठी मिशनचं. तरी या विषयावर बोलायचा हक्क आहे असं वाटतं, कारण या दोन्ही घरांची ताटातूट नेमकी याच मंडळीच्या अंगणात झाली.

श्रीरामपूरच्या मंडळींनी कलकत्त्यात लाल बाजारात चॅपल बांधलं, ते १ जानेवारी १८०९ ला उघडलं. १८१२ मध्ये अमेरिकेहून तरुण मिशनऱ्यांची पहिली तुकडी कलकत्त्याला आली. सगळे काँग्रिगेशनल, म्हणजे बालबाप्तिस्मा मानणारे. त्यातल्या अडोनिराम जडसनने जहाजावर विचार केला की पुढे कॅरीसारख्यांशी गाठ आहे, बाप्तिस्म्याबद्दल आपली बाजू पक्की करून ठेवू. म्हणून ग्रीक नवा करार घेऊन बसला, आणि अभ्यास करता करता कॅरीच्याच मताचा झाला! ६ सप्टेंबर १८१२ ला लाल बाजार चॅपलमध्ये वॉर्डने जडसन आणि त्याची बायको ॲन यांना बाप्तिस्मा दिला. नोव्हेंबरात ल्यूथर राईसही त्याच वाटेने गेला. जडसन ब्रह्मदेशात गेला, राईस अमेरिकेत परतला आणि तिथल्या बाप्टिस्टांना एकत्र आणलं.

त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मात्र आपल्या मतावर राहिले. कंपनीने हाकलायचा हुकूम काढलेला असताना कलकत्त्याहून निसटून ११ फेब्रुवारी १८१३ ला मुंबईला पोचले. तिथून अमेरिकन मराठी मिशन, तिथून नगर, तिथून आम्ही. म्हणून महाराष्ट्रात बाप्टिस्ट मंडळ्या तशा कमी दिसतात. हॉल आणि नॉटही त्या वर्षी लाल बाजारात पाण्यात उतरले असते तर आमचे सगळ्यांचे बाप्तिस्मे वेगळ्या रीतीने झाले असते.

आता मूळ प्रश्न. बाभळताई, मी २४ एप्रिलच्याच बाजूचा. बाप्टिस्ट आणि काँग्रिगेशनल दोघांमध्ये मंडळी म्हणजे इमारत नाही की बिशपाची नेमणूक नाही. विश्वासणारे एकत्र येतात, देवाशी आणि एकमेकांशी करार करतात, आपला पाळक आपण निवडतात, झाली मंडळी. ती माणसं परदेशी होती म्हणून करार खोटा ठरत नाही. पाया घालताना घरात पाहुणे आलेले नसतात.

पेठेतला_वाडा
काका, जडसनची माहिती प्रथमच वाचली, आभार. शेवटचं वाक्य पटलं नाही, कारण कृष्ण पाल त्या गावात पाहुणा नव्हता. पाहुणे कॅरी वगैरे होते.

सावेडीकर
हे बरोबर बोललात.

वाट_वाकडी
मला दोन्हीपेक्षा १८०३ साल महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. एप्रिलमध्ये कृष्णप्रसाद या ब्राह्मण तरुणाचं लग्न कृष्ण पालच्या मुलीशी लागलं, सुताराची मुलगी आणि ब्राह्मण नवरा. नंतर सगळे मिळून जेवले.

आणि त्याच वर्षी गोकुळ वारला. हो, तोच गोकुळ जो आधी मागे राहिला होता आणि नंतर मंडळीत आला. या मंडळीतला हा पहिला बंगाली मृत्यू. अशा प्रेताला हात लावायला कोणी तयार नसायचं, पैसे देऊन पोर्तुगीज वाहक आणायचा रिवाज पडला होता. मार्शमनने तो मोडायचं ठरवलं. खांदा दिला चौघांनी: मार्शमन, फेलिक्स कॅरी, मूळचा ब्राह्मण असलेला भैरव आणि मूळचा मुसलमान असलेला पिरू. बंगाली गीत म्हणत भर गावातून नेलं. दक्षिणेत तरंगमबाडीच्या जुन्या मिशनमध्ये वेगवेगळ्या जाती चर्चमध्ये वेगळ्या बसत. श्रीरामपूरकरांनी पहिल्या दिवसापासून हे नाकारलं, आणि गोकुळच्या तिरडीवर ते सगळ्या गावाने पाहिलं. माझ्या घरात एका मयताला खांदा द्यायला भावकी आली नव्हती, कारण लग्न जातीबाहेर झालं होतं. म्हणून या चार नावांपुढे मला तारखांचा वाद लहान वाटतो.

चहाचा_कप
वाट_वाकडी, हा प्रतिसाद दोनदा वाचला.

कडूनिंब
सहमत. पिरू आणि भैरव ही नावं शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती.

हिरवी_पाटी
लग्नाच्या आणि अंत्ययात्रेच्या गोष्टी आल्या, तर जयमणीचंही लिहिते. कृष्णाची मेहुणी. १८०१ च्या सुरुवातीला तिचा बाप्तिस्मा झाला, या मंडळीतली पहिली बंगाली स्त्री. २८ डिसेंबरला ती आणि कृष्णाची बायको रासू मागे राहिल्या होत्या, पण काही आठवड्यांतच जयमणी पुढे आली. गावाने इतका धिंगाणा घातल्यावर एका बाईने हे करायचं, याची कल्पना करा.

माळावरची_बाभळ
हिरवी_पाटीने मला हवा असलेला दुवाच दिला. सावेडीकर काका, आता तुमच्याच नियमाने उत्तर देते.

तुम्ही म्हणता, विश्वासणारे एकमेकांना स्वीकारतात तेव्हा मंडळी होते. २२ डिसेंबरला दुपारी जेवण झालं, आणि त्याच संध्याकाळी मंडळीची सभा भरली. त्या सभेत कृष्ण, गोकुळ, रासू आणि जयमणी यांनी उभं राहून आपापली साक्ष दिली, सभासदांनी ती ऐकली आणि चौघांना बाप्तिस्म्यासाठी स्वीकारलं. बंगालीत बोललेली साक्ष, दोन पुरुष आणि दोन बायका. पुढे तिघे काही काळ मागे सरले, ती भीती होती आणि भीतीला कारण होतं. पण स्वीकार झाला तो त्या संध्याकाळी. त्यामुळे मी म्हणते ती तारीख निव्वळ जेवणाची नाही. दुपारी पंगत आणि संध्याकाळी साक्ष, दोन्ही एका दिवसात. तुमचा करार त्यात आहे, माझी पंगतही आहे.

सावेडीकर
संध्याकाळच्या सभेचा मुद्दा वजनदार आहे. तरी साक्ष ऐकून स्वीकारायला आधीपासून एक मंडळी तिथे असावी लागते, आणि ती २४ एप्रिलची. मी तारीख बदलत नाही, पण आमच्या युवक संघात येत्या महिन्यात यावर बोलणार आहे, तेव्हा तुमची २२ डिसेंबर आणि वाट_वाकडी यांचे चार खांदेकरी दोन्ही सांगेन.

ढोलताशा
कोणी श्रीरामपूरला गेलंय का? आता बघावंसं वाटतंय.

खिडकीपाशी
हावड्याहून लोकल मिळते, तासाच्या आत पोचता. १८१८ मध्ये काढलेलं कॉलेज नदीकाठी अजून चालू आहे, त्याला डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये पदव्या देण्याची सनद दिली होती. आत कॅरी लायब्ररी आहे. जुन्या छापील प्रती बघायच्या असतील तर आधी पत्र लिहून परवानगी घ्या. डॅनिशांचं सेंट ओलाव्ह चर्च काही वर्षांपूर्वी छान दुरुस्त केलंय. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या तिघांच्या कबरी गावातल्याच मिशनच्या दफनभूमीत आहेत. सकाळी लवकर जा, दुपारी नदीकाठी ऊन फार लागतं.